बिननावाचं वाक्य

या माउली, असे पुढे सरका. मागं भिंतीला टेकून बसलात तर ही गोष्ट तुमच्यापर्यंत पोचायची नाही, तिचा आवाज मुळातच बारीक आहे. आज एका वाक्याची कथा सांगतो. त्या वाक्याला लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. नाव नव्हतं तोवर ते सुखरूप होतं. पुढं काय झालं ते ऐका, आणि मधे उठू नका असं मात्र मी म्हणणार नाही. उठावंसं वाटलं तर खुशाल उठा. मी असं का म्हणतोय ते कळेल ओघानं.

कासारडोह हे नदीच्या वळणावरचं आमचं गाव. त्या काळात घरोघरी माणसांच्या कानात ‘बोलका’ आला होता. मुगाच्या दाण्याएवढं यंत्र. काही विचारा, गोड आवाजात उत्तर देतं. पावसाचं विचारा, पोटदुखीचं विचारा, पानिपताचं विचारा, कधी अडखळायचं नाही. हे कशावरून सांगतोस, असं विचारलं की मात्र म्हणायचं, “उपलब्ध माहितीवरून.” लोकांना तेवढं पुरत होतं.

आणि त्याच काळात लोककोशही होता. लोककोश म्हणजे सगळ्यांनी मिळून नेटवर लिहायचा ज्ञानकोश. उघडा, वाचा, चुकलेलं दिसलं तर तिथल्या तिथं दुरुस्त करा. तुम्ही कोण, किती शिकलात, कुणी विचारायचं नाही. टोपणनाव घ्या, तेही नको असेल तर घेऊ नका. विचारायचं ते एकच, की याला संदर्भ काय? आम्हा कीर्तन ऐकणाऱ्यांना ही रीत घरचीच. कीर्तनकार उभा राहतो, एक विधान करतो, आणि लगेच संतवचनाचं प्रमाण देतो. प्रमाण आलं की टाळ वाजतात. नाही आलं, तर पुढं बसलेला एखादा म्हातारा टाळ मांडीवर ठेवून नुसता बघत राहतो. त्या बघण्याला भले भले घाबरतात.

आमच्या प्रयागताई शेवाळे म्हणायच्या, “लोककोश म्हणजे काय, सगळेच म्हातारे टाळ मांडीवर ठेवून बसलेत!”

प्रयागताई तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या आणि लोककोशाच्या प्रचालक होत्या. प्रचालक म्हणजे पान बंद करणं, उघडणं, घाण साफ करणं याच्या किल्ल्या ज्यांच्या हाती, अशा पाच-सहा जणांपैकी एक. पगार नाही, पाटी नाही. त्यांचे थोरले भाऊ म्हणजे अच्युत महाराज शेवाळे. महाराजांचं कीर्तन तुम्ही ऐकलं नाहीत ही तुमच्या कानांची हानी आहे, दुसरं काय म्हणू? पहिला स्वर लागला की लहान मूल रडायचं थांबत असे. गळ्यात हार पडला की प्रयागताईही त्यांच्या पायावर डोकं ठेवायच्या, आणि हार उतरला की “दादा, गोळी घेतलीस का?” म्हणून दटावायच्या. गादीवर उभा राहतो तो कुणाचा भाऊ नसतो, हे आम्हाला शिकवावं लागत नाही.

आता ती दुर्घटना. वैशाखातला सप्ताह होता. उन्हाळे इतके कडक झाले होते, की कापडी मांडवात माणसं भोवळून पडायची. म्हणून त्या वर्षी ट्रस्टनं हवेचा मांडव आणला. प्लॅस्टिकचा प्रचंड घुमट, पंख्यांनी आत हवा दाबून उभा केलेला, वर थंड पाण्याच्या लोखंडी नळ्यांचं भलंमोठं कडं. आत हजारो माणसं, आणि गारवा असा की म्हाताऱ्या पदर लपेटून बसलेल्या. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन रंगात आलं असताना वाऱ्याचा इशारा आला. मांडववाल्यांचा माणूस गादीपाशी येऊन कानात काही बोलला. महाराजांनी ऐकलं, हात वर केला आणि म्हणाले, “काला वाटल्याशिवाय कुणी उठायचं नाही. देवाचा प्रसाद टाकून जाणार का?”

काल्याआधी उठू नये ही रीतच आहे आमची. कुणी उठलं नाही. वावटळ आली, एका बाजूचे दोर तुटले आणि वरचं कडं बायकांच्या बाजूवर आलं. नऊ माणसं गेली.

चौकशी झाली. अहवाल आला, सरकारी संकेतस्थळाच्या कुठल्याशा कोपऱ्यात पडून राहिला. ट्रस्टनं सांगितलं, वारा अचानक आला. कानातला बोलकाही तेच सांगू लागला. महाराजांनी महिनाभर मौन धरलं आणि पुन्हा गादीवर उभे राहिले. गावाला हायसं वाटलं.

मग काही दिवसांनी लोककोशात कासारडोहच्या पानावर एक वाक्य उगवलं. ‘वाऱ्याचा इशारा मिळाला होता, तरीही कीर्तनकारांनी श्रोत्यांना न उठण्यास सांगितले.’ खाली अहवालाचा संदर्भ, पानाच्या क्रमांकासकट. त्याखाली नऊ नावं. लिहिणाऱ्यानं टोपणनावसुद्धा घेतलं नव्हतं.

गाव पेटलं. भाऊसाहेब खोचरे, आमच्या सप्ताह ट्रस्टचे सचिव, तडक प्रयागताईंच्या दारात.

“ताई, किल्ली तुमच्याकडं आहे. पुसा ते.”

“मी बहीण आहे त्यांची, भाऊसाहेब. ज्याच्याशी आपलं नातं, त्या पानाला हात लावायचा नाही, असा आमचा नियम आहे.”

“अहो, सख्ख्या भावावर कुणी चिखल टाकतंय आणि तुम्ही नियम सांगताय?”

“चिखल असेल तर पुसला जाईल. पानामागं वाद घालायला चर्चापान असतं, तिथं लिहा, की हे खोटं आहे आणि अमुकवरून खोटं आहे. दुसरे कुणी बघतील.”

“कशावरून म्हणजे? मी सांगतो म्हणून!”

“तेवढं तिथं चालत नाही हो,” ताई म्हणाल्या, आणि चहाला बसा म्हणाल्या. ते बसले नाहीत.

वाक्य अठरा वेळा पुसलं गेलं असेल. दर वेळी कुणीतरी परकं माणूस, कधी नांदेडचं, कधी थेट न्यूझीलंडमधलं, अहवाल उघडून बघायचं आणि वाक्य परत ठेवायचं. बाजारात बायका ताईंना ऐकू जाईल असं बोलायच्या, “घरचा भेदी शोधायला लांब जायला नको.”

तेव्हाच ‘लेखनठसा’ निघाला होता. त्याची युक्ती सोपी करून सांगतो. डोळे मिटून बसलात तरी गादीवर कोण उभं आहे हे तुम्हाला कळतं ना? श्वास कुठं घेतो, ‘तर’ किती वेळा म्हणतो, सम कशी गाठतो यावरून. लिहिण्याचंही तसंच. वाक्य किती लांब, क्रियापदाआधी काय येतं, ‘पण’वर थांबतो की ‘परंतु’वर, कुठं अर्धविराम देतो. अशा हजारो बारीक सवयी मोजल्या की माणसाच्या लिखाणाची एक चाल हाती लागते. ती लपवता येत नाही, कारण ती आपली आपल्यालाच ठाऊक नसते. यंत्राला एक ओळ पुरत नाही. पण त्या बिननावी माणसानं चर्चापानावर, दर वेळी वाक्य पुसलं गेल्यावर, मोठमोठी शांत उत्तरं लिहिली होती. लोककोशात लिहिल्या-पुसल्याचा सगळा इतिहास उघडा असतो, ती उत्तरंही उघडी होती.

खोचऱ्यांनी सरकारच्या माहिती-विश्वास प्राधिकरणाकडं तक्रार नेली, की हे महाराजांच्या कुणा शत्रूनं लिहिलंय. मागणी अशी, की लोककोशातल्या प्रत्येक वाक्यावर ठसा चालवावा आणि लिहिणाऱ्याचं खरं नाव छापावं, नाहीतर राज्यात लोककोश बंद करावा. पुष्कळांचा पाठिंबा होता. कुणीही उठावं आणि ज्ञान लिहावं, हे त्यांना फार दिवस खुपत होतं.

सुनावणीच्या आदल्या दुपारी ताई भावाकडं गेल्या. हे मला त्यांनीच पुढं सांगितलं. महाराज झोपाळ्यावर बसून होते, पाय जमिनीला टेकवून, झोपाळा न हलवता.

“दादा, एकदा सांग. ते वाक्य खोटं आहे?”

“नाही गं.”

“मग निदान लोकांना सांग, की खरं आहे. माझ्या तोंडावर थुंकायचे राहिलेत फक्त.”

महाराजांनी मान खाली घातली. चर्चापानावरची ती उत्तरं ताईंनी कितीदा वाचली होती. एक विधान, मग ‘ते असे की’, मग प्रमाण. आयुष्यभर पुढं बसून ऐकलेली चाल.

“तूच,” त्या म्हणाल्या.

“प्रयागा, एक बाई उठली होती.” महाराज बोलत होते ते जमिनीकडं बघून. “तिसऱ्या रांगेत. गजरा लोहार. मांडववाल्याचं बोलणं तिच्याही कानावर गेलं असावं, वारा सुटणार म्हटल्यावर तिला गच्चीवर वाळत घातलेल्या शेवया आठवल्या असतील. शेवयांचं तिच्या सुनेनं सांगितलं, ती गेल्यावर. ती उठली, पदर खोचला, आणि मी म्हणालो, उठायचं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. लाजली. हसली जराशी, शाळेतल्या पोरीसारखी. आणि बसली.”

“दादा...”

“बसली गं ती. माझ्या शब्दावर.”

झोपाळ्याची कडी तेवढ्यानंही कुरकुरली. ताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“मग गादीवरून सांग ना. उद्याच्या उद्या. मी येते बरोबर.”

“गादीवरून?” महाराज हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं म्हणे. “गादीवरून मी सांगितलं तर काय होईल, तुला माहीत आहे. लोक रडतील. म्हणतील, केवढा थोर माणूस, आपला दोष चारचौघांत सांगितला! माझ्याच पायावर पडतील. हार दुप्पट होतील. त्या नऊ जणांचं कोण ऐकणार? त्यांच्या मरणाचं माझं कीर्तन होईल. तुझ्या त्या लोककोशात कसं, कुणी कुणाच्या पाया पडत नाही. वाक्य आणि प्रमाण. मला तेवढंच हवं होतं. मी नसलेलं एक वाक्य.”

“पण स्वतःबद्दल स्वतः लिहू नये, असा नियम आहे आमचा.”

“मोडला मी. तू काय करायचं ते कर. पुसू नकोस फक्त. आणि माझं नाव घेऊ नकोस.”

आता बघा माउली, ताईंपुढं काय होतं. त्यांनी नाव सांगितलं असतं, तर शत्रूनं लिहिलंय हा आरोप तिथंच पडला असता आणि लोककोश वाचला असता. वाक्य पुसलं असतं, तर गाव निवलं असतं, तक्रारही मागं गेली असती. दोन्ही त्यांच्या हातात होतं. त्यांनी दोन्हीतलं एकही केलं नाही.

सुनावणीला महाराज आले होते. ट्रस्टनंच आणलं, पुढच्या खुर्चीवर बसवलं. अध्यक्षस्थानी निवृत्त न्यायाधीश सुनीतीबाई काणेकर. ट्रस्टचे वकील पोवार उठले आणि प्रयागताईंकडं वळले.

“बाई, लोककोशात कोण लिहितं?”

“कुणीही.”

“म्हणजे उद्या माझ्या ड्रायव्हरनं लिहिलं, की सूर्य पश्चिमेला उगवतो...”

“तर जेवायच्या आत कुणीतरी ते काढेल, आणि तुमच्या ड्रायव्हरला विचारेल, की प्रमाण काय. तुम्ही लिहिलंत तरी हेच विचारेल, वकीलसाहेब.”

लोक हसले. पोवारांनाही हसू आलं, पण ते कसलेले होते.

“मागच्या वर्षी तुमच्या कोशानं एका जिवंत शास्त्रज्ञाला मेलेला दाखवलं. खरं?”

“खरं. सकाळी दाखवलं, दुपारी दुरुस्त झालं. जाऊन बघा, चूक अजून तिथं इतिहासात आहे आणि दुरुस्तीही आहे. आम्ही चुका लपवत नाही. हा कानातला बोलका गेल्या आठवड्यात काय चुकला, ते मला दाखवाल? कुठं बघू? तो चुकतो आणि दुसऱ्या दिवशी वेगळं बोलतो. आधी काय बोलला होता ते त्याच्यापाशी नसतं.”

“पण जबाबदार कोण? नाव नको?”

पुढच्या खुर्चीकडं प्रयागताईंनी बघितलं नाही, इतकं ठरवून, की मला ते मागच्या रांगेतूनही दिसलं.

“नाव आलं की लोक वाक्य वाचायचं सोडून नाव वाचतात. आपला असेल तर खरं, परका असेल तर खोटं. काही माणसं अशी असतात साहेब, की खरं बोलायची त्यांची ताकद बिननावानंच टिकते. कुणी नोकरीला असतं, कुणी सासरी असतं. कुणी...” त्या अडखळल्या. “कुणाला स्वतःची पूजा नको असते. त्यांच्यासाठी एवढी एक जागा राहू द्या. वाक्य खोटं असेल तर अहवाल उघडा आणि खोडा. अहवाल कुणी उघडलाय का इथं?”

कुणी उघडला नव्हता.

काणेकरबाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, सगळ्या कोशावर ठसा चालवण्याचा आदेश मी आज देत नाही. पण या एका वाक्याचा इतिहास उघडाच आहे, आणि तक्रारदारानं नमुने आणले आहेत. निदान शत्रुत्वातून लिहिलंय का, ते बघू.

ताई उठल्या. “नका बघू. विनंती आहे.”

“का?”

ताईंनी नुसते हात जोडले. खोचरे ओरडले, “बघा, घाबरल्या! स्वतःच लिहिलं असणार!”

नमुने म्हणजे ट्रस्टनं गोळा केलेलं गावातल्या दोनशे माणसांचं लिखाण. मास्तरांची भाषणं, पोरांचे निबंध, ग्रामसभेतले अर्ज, प्रयागताईंची पत्रं. आणि आमची माणसं कशी, कुठलंही काम देवाचं नाव घेतल्याशिवाय सुरू करायची नाहीत. पहिला नमुना शुभ असावा म्हणून त्यांनी सगळ्यांच्या वर महाराजांच्या कीर्तनांचं छापील पुस्तक ठेवलं होतं. त्याला हळदकुंकूही वाहिलं होतं. संशय म्हणून नव्हे हो, श्रद्धा म्हणून.

यंत्र चालवणारी मुलगी शहरातली होती. तिनं पडद्याकडं बघितलं, कपाळाला आठी घातली, म्हणाली, “मॅडम, परत चालवू का?” परत चालवलं. तेच नाव. पडद्यावर मोठ्या अक्षरांत, पुढं ह.भ.प. लावून.

मग मागून कुणी बाई हुंदका देऊन म्हणाली, “महाराज!” आणि धरण फुटावं तसं झालं. माणसं खुर्च्या ओलांडून धावली. खोचरे तर साष्टांग पडले. “काय ही थोरवी! स्वतःचा दोष स्वतः लिहिला, आणि नावसुद्धा लावलं नाही! आम्ही पापी, आम्ही ओळखलं नाही!” पोवार वकिलांनी तक्रार मागं घेतली, डोळे पुसत.

महाराज दोन्ही हातांनी लोकांना लोटत होते. “उठा. अहो, उठा. तिथं खाली नऊ नावं आहेत, ती वाचा. कुणीतरी वाचा हो!” जयजयकारात ते ऐकू गेलं नाही. मी गर्दीबरोबर पुढं लोटला गेलो होतो म्हणून ऐकलं. ताई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. आपण जिंकलो हे त्यांना कुणीतरी हात हलवून सांगत होतं.

लोककोश टिकला. वर्तमानपत्रांनी तसं छापलं. पण माउली, आता सगळ्यांना कळलं होतं, की कुणाचाही ठसा कुणीही काढू शकतं. नदीत रंग कोण सोडतं हे लिहिणारा माणूस त्याच कारखान्यात कामाला होता, त्यानं लिहिणं थांबवलं. सासरच्या जातपंचायतीबद्दल लिहिणारी कुणी सून होती, ती गेली. चर्चापानावर थोड्या जणांनी निरोप लिहिला, बाकीच्यांनी तोही लिहिला नाही, कारण निरोपाचाही ठसा उमटतो. न्यूझीलंडवाला राहिला, नांदेडच्या एक बाई राहिल्या, प्रयागताई राहिल्या. एवढं मोठं अंगण, आणि झाडायला तीन माणसं.

ते वाक्य मात्र नियमाप्रमाणे आधी काढलं गेलं, कारण स्वतःबद्दल स्वतः लिहिलेलं. मग नांदेडच्या बाईंनी अहवाल वाचून आपल्या शब्दांत परत लिहिलं. खरं, साधं. पण त्याच्या वर, खाली, बाजूला महाराजांच्या थोरवीचे परिच्छेद येऊ लागले, आणि ते काढता येईनात. संदर्भ भरपूर होते! प्रत्येक वर्तमानपत्र तेच लिहीत होतं. पान लांब झालं म्हणून कुणीतरी नऊ नावांच्या जागी ‘नऊ भाविक’ केलं. ताईंना तिथं हात लावता येत नव्हता. त्यांनी चर्चापानावर लिहिलं, नावं राहू द्यावीत. त्याला उत्तर द्यायला फारसं कुणी उरलं नव्हतं.

महाराज पुन्हा गादीवर उभे राहिले नाहीत. कुणी पाया पडायला वाकलं की दचकून मागं सरायचे. शेवटी शेवटी तर दारच लावून घ्यायचे. पुढच्या वैशाखाच्या आत ते गेले. ताईंनी त्यांच्या उशाशी बसून अखेरपर्यंत नऊ नावं म्हटली, रोज, हरिपाठ म्हणावा तशी. त्यांना तेवढं एकच ऐकायचं असे.

आज कासारडोहला याल तर मांडवाच्या जागी महाराजांचा पुतळा दिसेल. बोलक्याला विचाराल, हे गाव कशासाठी प्रसिद्ध, तर गोड आवाजात सांगेल, स्वतःचा दोष लिहिणाऱ्या महापुरुषासाठी. मला महाराज फार प्रिय होते, म्हणूनच तुम्हाला हात जोडून सांगतो, त्यांची आठवण तुम्ही ठेवू नका. ती ठेवायला पुतळा आहे. त्यांना हवी होती ती दुसऱ्या कुणाची आठवण.

गजरा रामू लोहार, तिसऱ्या रांगेतली. तेवढी लक्षात ठेवा. वारा सुटायच्या आधी ती उठली होती.